आदिबंधात्मक समीक्षा : साम्य सापडल्यानंतर वाचकाने काय करायचे?

अक्षरयात्री

सप्रेम नमस्कार.

मिथके आणि आदिबंध (म्हणजे कथा-कवितांत पुन:पुन्हा येणारे मूळ आकृतिबंध) यांच्या अंगाने साहित्य वाचण्याच्या पद्धतीवर येथे अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुधा एकाच जागी येऊन थांबते. कोणीतरी एखाद्या कथेत नायकाचा प्रवास, पाताळात उतरणे, मृत्यू आणि पुनर्जन्म असा आकृतिबंध दाखवून देतो, दुसरा कोणी तोच आकृतिबंध आणखी चार संस्कृतींमधून काढून दाखवतो, आणि काहीतरी मोठे उलगडले या समाधानात धागा संपतो. माझे म्हणणे असे की, साम्य सापडणे ही या पद्धतीची केवळ पहिली पायरी आहे. विशिष्ट कृतीने तो आकृतिबंध कुठे वाकवला, कुठे मोडला आणि कुठे अर्धवट सोडला हे पाहू लागल्यावरच समीक्षेला सुरुवात होते.

एकच उदाहरण थोडे जवळून पाहू. नवजात बालकाला पेटीत घालून नदीत सोडण्याची कथा अनेक ठिकाणी आढळते. प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कडच्या सार्गोन राजाला त्याच्या आईने डांबराने बंद केलेल्या टोपलीत घालून नदीत सोडले आणि अक्की नावाच्या पाणक्याने त्याला वाढवले. बायबलमधील मोशेची टोपली लव्हाळ्यांत ठेवलेली होती आणि ती फारोच्या मुलीला सापडली. कर्णाची मंजूषा अश्वनदीतून चर्मण्वतीत, तेथून यमुनेत आणि पुढे गंगेत वाहत चंपानगरीपाशी अधिरथ सूताच्या हाती लागली. मनोविश्लेषक ओटो रांक यांनी १९०९ मध्ये नायकजन्माच्या मिथकावर लिहिताना अशा कथांचा एक सर्वसाधारण साचा मांडला होता : थोर कुळातील मूल टाकले जाते, सामान्य माणसांकडे वाढते आणि पुढे आपले मूळ स्थान परत मिळवते. मोशेच्या बाबतीत हा साचा उलटा होतो, कारण मूल गुलामांचे असून वाढते राजवाड्यात. ही गोष्ट फ्रॉईड यांच्या ध्यानात आली होती आणि १९३९ मधील मोशेवरील त्यांच्या पुस्तकातील युक्तिवाद बराचसा या उलटेपणावरच उभा आहे.

कर्णाचे काय होते? वनपर्वात कुंती नदीकाठी विलाप करताना म्हणते की, तू परदेशी असलास तरी या कवचावरून मी तुला ओळखीन. म्हणजे अशा कथांमध्ये हमखास येणारी ओळखीची खूण येथे आहे, आणि तीही अंगठी किंवा वस्त्र अशी वेगळी करता येण्याजोगी वस्तू नसून अंगासोबतच आलेली आहे. साच्याप्रमाणे या खुणेवरून ओळख पटायला हवी आणि मुलाला त्याचे स्थान परत मिळायला हवे. ओळख पटतेही. शस्त्रकौशल्याच्या रंगमंडपात कुंती त्याला ओळखते, मूर्च्छित पडते आणि गप्प राहते. पुढे इंद्र ती खूण मागून नेतो, आणि कर्ण ती स्वतःच अंगावरून कापून देतो. साचा ज्यासाठी रचलेला आहे नेमके तेच येथे घडत नाही, आणि ते घडू नये याची व्यवस्था आई आणि देव असे दोघेही करतात. 'टाकलेल्या बालकाचा आदिबंध' एवढेच म्हणून जो वाचक थांबला, त्याच्या हाती कर्णकथेतील फारच थोडे लागले असे मला वाटते.

आपली मते वाचायला आवडेल.

तळटीप

अक्षरयात्री, लेख आवडला, पण आपण पहिली पायरी फार सहज चढून गेलात. साम्य 'सापडते' असे आपण म्हणता. मला शंका आहे की पुष्कळदा ते घडवले जाते.

१८२७ मध्ये जाँ-बाप्तिस्त पेरेस नावाच्या फ्रेंच लेखकाने एक पुस्तिका लिहून नेपोलियन कधी अस्तित्वातच नव्हता असे 'सिद्ध' केले. त्याचा युक्तिवाद असा : नेपोलियन हे नाव अपोलोचेच रूप आहे, त्याच्या आईचे नाव लेतिझिया, म्हणजे आनंद, म्हणजेच उषा, चार भावांपैकी तिघे राजे झाले, कारण वर्षाच्या चार ऋतूंपैकी तीनच फलदायी असतात, त्याचे बारा सेनापती म्हणजे बारा राशी, आणि तो पूर्वेच्या समुद्राकडून, म्हणजे इजिप्तकडून, उगवून पश्चिमेच्या समुद्रात, म्हणजे सेंट हेलेनाला, मावळला. तेव्हा हे सूर्याचे मिथक आहे! पेरेसने हे सारे थट्टेने लिहिले होते, पण तीच पद्धत पुढे कित्येक विद्वानांनी गंभीर चेहऱ्याने वापरली. लॉर्ड रॅग्लन यांनी १९३६ मध्ये पारंपरिक नायकाच्या चरित्राची २२ लक्षणे दिली आणि ईडिपस, थिसियस, मोशे यांना त्यांवर गुण दिले. १९६५ मध्ये फ्रान्सिस अटली यांनी अब्राहम लिंकन यांनाच या कसोटीवर लावले आणि लिंकन उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतात असे दाखवले.

जे काहीही मोजले तरी भरते, त्या मापाबद्दल आपण साशंक असायला हवे. फ्रेझर यांच्या 'द गोल्डन बाउ' या ग्रंथाचेच पाहा. १८९० मध्ये दोन खंडांत निघालेला हा ग्रंथ तिसऱ्या आवृत्तीत बारा खंडांचा झाला. नेमी सरोवराकाठच्या उपवनात जुन्या पुजाऱ्याला ठार मारून नवा पुजारी गादीवर येतो, एवढ्या एका प्रथेचा उलगडा करण्यासाठी त्यांनी साऱ्या पृथ्वीवरचे विधी गोळा केले. हे काम त्यांनी ग्रंथालयात बसून, इतरांचे वृत्तांत वाचून आणि प्रश्नावल्या पाठवून केले. प्रत्येक विधी आपल्या भाषेतून, आपल्या समाजातून उपटून शेजारी शेजारी मांडला की सगळेच एकसारखे दिसू लागतात. उपटण्यातच साम्याची सोय झालेली असते.

गोधूळ

तळटीप यांचा आक्षेप फ्रेझर, रॅग्लन आणि काही अंशी जगभरच्या मिथकांमागे एकच नायकप्रवास पाहणाऱ्या जोसेफ कॅम्बेल यांना लागू पडतो. साहित्यसमीक्षेत ज्यांनी या पद्धतीला शिस्त लावली त्या नॉर्थ्रॉप फ्राय यांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि येथील चर्चेत हा फरक अनेकदा पुसला जातो म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या मते आदिबंधांचे मूळ सामूहिक नेणिवेत, म्हणजे साऱ्या मानवजातीला समान असलेल्या नकळत मनात, आहे. मॉड बॉडकिन यांनी १९३४ मध्ये काव्यातील आदिबंधांवर लिहिले तेव्हा त्यांची भूमिका याच्या जवळची होती. विशिष्ट कविता वाचताना वाचकाच्या मनात काय हलते, हा त्यांचा प्रश्न होता. फ्राय यांनी १९५७ मधील 'ॲनाटमी ऑफ क्रिटिसिझम' मध्ये हा आधारच बाजूला ठेवला. सामूहिक नेणीव असेल किंवा नसेल, समीक्षेला त्या गृहीतकाची गरज नाही, असे त्यांनी स्पष्टपणे म्हटले. त्यांच्या दृष्टीने आदिबंध म्हणजे एका कृतीला दुसऱ्या कृतीशी जोडणारी, साहित्यात पुन:पुन्हा येणारी प्रतिमा. कविता कवितांमधून जन्म घेतात, आणि आदिबंध हा त्या वंशावळीचा पुरावा असतो. या व्याख्येत मेंदूबद्दल किंवा मानववंशाच्या बालपणाबद्दल कोणताही दावा नाही.

त्यांची एक सूचना मला आजही उपयोगी वाटते. चित्र पाहताना आपण जसे मागे सरकतो तसे कृतीपासूनही मागे सरकून पाहा, असे ते म्हणतात. 'हॅम्लेट'च्या पाचव्या अंकाच्या सुरुवातीपासून पुरेसे मागे सरकले की रंगमंचावर उघडी कबर दिसते, तिच्यात नायक, त्याचा शत्रू आणि नायिका असे तिघेही उतरतात, आणि त्यानंतर वरच्या जगात प्राणघातक झुंज होते. जवळून वाचताना ऑफेलियाचा दफनविधी, लेअर्टिसचा शोक आणि कबर खणणाऱ्यांचे विनोद यांत आपण गुंतलेलो असतो, त्यामुळे ही आकृती नजरेतून सुटते.

फ्राय यांच्यावरचा माझा आक्षेप वेगळा आहे. त्यांनी सुखात्मिकेला वसंत, रोमान्सला ग्रीष्म, शोकात्मिकेला शरद आणि उपरोधाला हिवाळा असे ऋतू वाटून दिले. ही वाटणी चार ऋतूंच्या, बर्फ पडणाऱ्या प्रदेशातील आहे. जेथे जमीन उन्हाने मरते आणि पावसाने जिवंत होते, तेथे हे चक्र तसेच कसे बसवायचे? कालिदासाचे 'ऋतुसंहार' ग्रीष्मापासून निघून वसंतापाशी संपते, आणि त्यात ऋतू सहा आहेत. 'मेघदूता'तील मेघ जमिनीला जीवन देतो आणि यक्षाला मात्र विरहाची कळ देतो. सृष्टीचा पुनर्जन्म आणि माणसाचा ताप एकाच प्रतिमेत राहतात. चार घरांच्या त्या तक्त्यात या प्रतिमेला कोणते घर द्यायचे हे मला तरी सांगता येणार नाही.

उलट, प्राचीन तमिळ संगम कवितेकडे पाहिले तर फ्राय यांचा मूळ विचार अनपेक्षितपणे बळकट होतो. तेथे पाच 'तिणै' आहेत, म्हणजे भूप्रदेश आणि प्रेमाची अवस्था यांच्या ठरलेल्या जोड्या. डोंगराळ कुरिंजी आणि मध्यरात्र म्हणजे मीलन. मुल्लै हे वन, पावसाळा आणि सायंकाळ म्हणजे वाट पाहणारी पत्नी. शेतजमिनीचे मरुतम म्हणजे रुसवा. समुद्रकाठचे नेय्दल म्हणजे व्याकुळता. आणि रखरखीत पालै व भर दुपार म्हणजे ताटातूट. कवीने नुसते जाईचे फूल दाखवले की वाचकाला पत्नी, पाऊस आणि सांजवेळ सगळे कळते. प्रतीकांची इतकी काटेकोर व्यवस्था क्वचितच कुठे आढळेल, आणि ती कोणाच्या स्वप्नातून उतरलेली नाही. ती कवींनी आणि रसिकांनी मिळून बांधलेली, 'तोल्काप्पियम'सारख्या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथाने नोंदवलेली संकेतव्यवस्था आहे.

पागोळी

मी या विषयात नवीन आहे, म्हणून एक प्राथमिक प्रश्न विचारते. गोधूळ यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळे संकेतच असतील आणि प्रत्येक प्रदेशाचे संकेत निराळे असतील, तर मग 'वैश्विक' म्हणण्यासारखे उरते काय? नदी, वृक्ष, सर्प ही प्रतीके सर्वत्र आहेत हे तर खरेच ना?

अक्षरयात्री

पागोळी, प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. प्रतीक सर्वत्र असणे आणि त्याचा अर्थ सर्वत्र एक असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गोंधळ बहुधा येथेच होतो. युंग यांनीही ही काळजी घेतली होती, हे त्यांचे टीकाकार आणि त्याहून अधिक त्यांचे भक्त विसरतात. आदिबंधाला स्वतःचा आशय नसतो, तो केवळ घडण्याची शक्यता असतो, असे ते म्हणत. द्रावणात स्फटिक तयार होण्यापूर्वी त्याच्या अक्षांची रचना ठरलेली असते, पण तिला द्रव्य नसते, असा दृष्टांत त्यांनी दिला आहे. प्रत्यक्ष स्फटिक मात्र प्रत्येक वेळी निराळा.

आपण वृक्ष म्हणालात, तर तोच घेऊ. नॉर्स पुराणकथांतील इग्द्रासिल हा महावृक्ष नऊ जगांना धरून उभा आहे. निधॉग नावाचा सर्प त्याची मुळे कुरतडत असतो, आणि वृक्षाचा थरकाप ही जगाच्या अंताची खूण असते. म्हणजे तेथे वृक्ष टिकणे हेच इष्ट. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थही विश्ववृक्षच आहे, त्याची मुळे वर आणि फांद्या खाली आहेत, पण त्याच्याबाबतचा आदेश असंगाच्या बळकट शस्त्राने त्याला तोडण्याचा आहे. ज्ञानेश्वरांनी तर या वृक्षाचे लांबलचक, रसरशीत वर्णन करून शेवटी तो मुळात खराच नाही, मग त्याला तोडण्याचे कष्ट ते कसले, अशा अंगाने विवेचन नेले आहे. विश्ववृक्षाचा आदिबंध दोन्हीकडे आहे. एका परंपरेत त्याच्या पडण्याचे भय आहे आणि दुसरीत त्याच्या छेदातच सुटका आहे. 'वृक्ष म्हणजे जीवनाचे प्रतीक' अशा कोशातील नोंदीवर विसंबणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही. प्रतीककोश उघडून कविता वाचणे मला म्हणूनच मानवत नाही.

सांजसावली

आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत नायक आहेत. कुंती आली तीही नायकाची आई म्हणून. कॅम्बेल यांच्या १९४९ मधील ग्रंथातही निघणारा, झुंजणारा आणि परतणारा बहुतेक करून पुरुषच असतो, तर स्त्री ही त्याला भेटणारी देवी, मोहिनी किंवा मिळणारे बक्षीस असते. १९९० मध्ये मॉरीन मर्डॉक यांनी नायिकेच्या प्रवासाचा वेगळा आराखडा मांडला तो याच असमाधानातून. मात्र एका साच्याच्या जागी दुसरा साचा आणण्यापेक्षा, तीच कथा कोण सांगते हे पाहणे अधिक फलदायी आहे असे मला वाटते.

ए. के. रामानुजन यांनी 'इंडियन ईडिपस' या निबंधात एक कन्नड लोककथा दिली आहे. एका मुलीच्या नशिबी असते की ती स्वतःच्या मुलाशी लग्न करील आणि त्याच्यापासून तिला मुलगा होईल. हे कळल्यावर ती पुरुषांचे तोंडच पाहायचे नाही असे ठरवून रानात निघून जाते आणि फळांवर राहते. ज्या झाडाखाली एका राजाने लघवी केलेली असते, त्या झाडाचा आंबा खाल्ल्याने तिला दिवस जातात. बाळाला ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ओढ्यात सोडते. तो दुसऱ्या राज्यात राजपुत्र म्हणून वाढतो, शिकारीला रानात येतो आणि तिच्याशीच लग्न करतो. त्यांना मुलगा झाल्यावर सासरची माणसे बापाच्या जन्मवेळचा जपून ठेवलेला कापडाचा तुकडा बाळासाठी बाहेर काढतात. तो तिच्या लुगड्याचा असतो. त्या रात्री ती अंगाई म्हणते, आणि त्या अंगाईत तेच बाळ मुलगा, नातू आणि नवऱ्याचा भाऊ अशा तिन्ही नात्यांनी हाकारलेले आहे. मग ती गळफास घेते.

अक्षरयात्री यांनी सांगितलेली सगळी सामग्री येथे आहे : पाण्यात सोडलेले मूल, राजवाडा, ओळखीची खूण. तरीही सत्य शोधणारा राजा येथे नाही. नशिबाचे भाकीत आईला आधीपासून ठाऊक आहे आणि खूणही तीच ओळखते. मुलाला तर शेवटपर्यंत काहीच कळत नाही. सोफोक्लीसच्या नाटकात ईडिपसची आई आणि नकळत झालेली पत्नी जोकास्टा त्याच्या आधी सत्य ओळखते आणि आत जाऊन मरते. तिचे मरण आपल्याला दूताच्या तोंडून कळते. कन्नड कथा जणू त्या बंद दाराच्या आतून सांगितलेली आहे. इरावती कर्वे यांनी १९५० मध्येच याच जातीच्या एका मराठी कथेवर इंग्रजीत टिपण प्रसिद्ध केले होते, तेव्हा हा एखाद्या कथेकरणीचा सुटा चमत्कार मानता येत नाही.

तळटीप

सांजसावली यांच्या प्रतिसादामुळे माझा आक्षेप थोडा नेमका करता येतो. या कन्नड कथेत आणि ग्रीक कथेत तुलना करण्याजोगे काही आहे हे मी मान्य करतो, कारण घटनांची साखळी लांब आहे आणि तिच्यातील कड्या मोजता येतात. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांची ३१ कार्ये सांगितली तीही एका प्रदेशातील, एका प्रकारच्या कथांपुरती. त्यांनी मर्यादा आखून घेतली म्हणून त्यांचे काम टिकले.

अडचण पुढे आहे. एलियट यांनी १९२२ मधील 'द वेस्ट लँड' या दीर्घकवितेत आणि जॉइस यांनी त्याच वर्षीच्या 'युलिसिस' या कादंबरीत मिथक जाणीवपूर्वक वापरले, तेव्हा तेथे मिथक शोधणे रास्तच आहे. पण ज्या वास्तववादी कृतीत मिथकाचा मागमूस नाही, तिथेही समीक्षक 'हा पाताळप्रवास आहे' असे म्हणतो तेव्हा त्याचा आधार काय? नायक तळघरात उतरला म्हणून?

गोधूळ

फ्राय यांनी यासाठी 'स्थानांतर' ही कल्पना वापरली आहे. मिथकात देव मरून पुन्हा जिवंत होतो; वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या कृतीत ते शक्य नसते, म्हणून तीच आकृती संभाव्य घटनांच्या आड सरकते. आधार काय, या तळटीप यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, सुटे साम्य पुरेसे नाही. तळघरात उतरणारा नायक तळघरातच उतरलेला असतो, जोवर कृतीतील इतर तीन-चार गोष्टी त्याच दिशेने बोट दाखवत नाहीत.

शेक्सपिअरचे 'द विंटर्स टेल' घ्या. मत्सराने आंधळा झालेला राजा लिऑन्टीस निरपराध राणी हर्मायनीवर खटला भरतो, ती मेली असे जाहीर होते, सोळा वर्षांनी हरवलेली मुलगी पर्डिटा परत येते आणि मग हर्मायनीचा पुतळा जिवंत होतो. मागे सरकून पाहिले तर हे हिवाळ्यातून वसंताकडे येणाऱ्या देवीचे मिथक आहे. पर्डिटा फुले वाटताना पाताळात नेल्या गेलेल्या प्रोसर्पिना या रोमन देवीचे नावच घेते, त्यामुळे येथे समीक्षकाला काही लादावे लागत नाही. आता जवळ जाऊन पाहा. पुतळ्याकडे पाहून लिऑन्टीस म्हणतो की, हर्मायनीच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या नव्हत्या. मिथकातील देवी दर वसंतात ताजी होऊन येते. ही बाई सोळा वर्षे म्हातारी होऊन आली आहे, आणि गेलेली वर्षे परत मिळत नाहीत हे राजाला तिच्या चेहऱ्यावर वाचावे लागते.

'शाकुंतला'शी तुलना केली तर आणखी एक गोष्ट दिसते. तेथेही नाकारलेली पत्नी, दीर्घ वियोग आणि पुनर्मीलन आहे. महाभारतातील मूळ आख्यानात नसलेला दुर्वासाचा शाप आणि अंगठी कालिदासाने आणली, त्यामुळे दुष्यंताच्या अपराधाला बरीच सवलत मिळते. मीलन घडते ते सिंहाच्या छाव्याशी खेळणाऱ्या मुलामुळे. लिऑन्टीसलाही मुलगा होता. मॅमिलियस त्याचे नाव. हिवाळ्यासाठी दुःखाची गोष्टच बरी, असे म्हणून आईच्या कानात गोष्ट सांगू लागणारा तोच. आईवर खटला चालू असताना तो मरतो आणि शेवटच्या अंकात तो परत येत नाही. ऋतुचक्राचा आराखडा या नाटकाला इतका चपखल बसतो की, मॅमिलियस त्यात कुठेच बसत नाही हे लक्षात यायला वेळ लागतो. आराखडा हाताशी नसता तर मात्र तो मुलगा मला कथानकातील एक बळी एवढाच वाटला असता. पुतळ्याच्या प्रसंगात, हर्मायनी मुलीला आशीर्वाद देते तेव्हा, त्याचे नावही कोणी उच्चारत नाही, याचा अर्थ कसा लावायचा यावर तळटीप आणि सांजसावली यांचे मत वाचायला आवडेल.